चौऱ्याहत्तर मिनिटं सलग

पिंकीची सीडी टपालानं आली ती एका मंगळवारी, नव्व्याण्णव सालच्या जानेवारीत. तोवर आमच्या घरात गाणं म्हणजे कॅसेट, आणि कॅसेट म्हणजे मधूनमधून पेन्सिल घालून फिरवायची वस्तू. ज्योत्स्नानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, सीडी उजेडात धरली, तिच्यात बघून केस सारखे केले आणि म्हणाली, "छान आहे. पण ही वाजवायची कशावर?"

प्रश्न रास्त होता, पण त्याआधी मी वेष्टन वाचत होतो. हाती आलेला कागद वाचल्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही. वेष्टनावर एक केशरी खुर्ची होती. खुर्चीत कुणी नव्हतं. शेजारी पेलाभर निळं सरबत होतं, तेही कुणी प्यालेलं नव्हतं. मागच्या बाजूला सोळा गाण्यांची यादी, आणि गाणाऱ्यांची नावं अशी की बारामतीच्या मार्केट यार्डात कुणी वाचून दाखवली असती तर लोकांनी ती कीटकनाशकं समजून फवारणीचं प्रमाण विचारलं असतं. हॉटेलच्या ज्या दालनात लोक नुसते बसतात, त्याला लाउंज म्हणतात, आणि हे त्या दालनातलं संगीत, असं पिंकीनं चिठ्ठीत लिहिलं होतं.

"नुसते बसतात म्हणजे?" ज्योत्स्ना म्हणाली. "कशाची वाट बघत?"

"कशाचीच नाही."

"मग घरी का नाही बसत?"

चिठ्ठीचा पुढचा भाग मात्र बसून वाचावा असाच होता. पिंकी पुण्यात बी.कॉम. झाली होती आणि शिकता शिकता एका कॅसेटच्या दुकानात काम करत होती. तिनं लिहिलं होतं:

'बाबा, मुंबईच्या एका कंपनीनं मला बोलावलंय. असले संग्रह काढतात त्या खात्यात. गाणी निवडायची आणि एकापुढे एक अशी लावायची की जोड कळता कामा नये. रविवारी दुपारपर्यंत त्यांना हो किंवा नाही सांगायचंय. तुम्ही नाही म्हणालात तर मी जाणार नाही, तुम्ही बघितलेल्या नोकरीला येईन. पण नाही म्हणण्याआधी ही सीडी एकदा ऐका. चौऱ्याहत्तर मिनिटं आहे. मध्ये थांबवू नका. दोन गाण्यांत जागा ठेवलेली नाही, ती मुद्दाम. रविवारी अकराला युनूसचाचांकडे फोन करते.'

नाही म्हणायचं हे मी पाकीट हातात असतानाच ठरवलं. एकुलती एक मुलगी. तिच्यासाठी इंदापूरच्या एका पतसंस्थेत मी शब्द टाकून ठेवला होता. मी बारामतीहून रोज सकाळी सव्वाआठच्या एसटीनं इंदापूरला कचेरीत जात असे. बारा वर्षं शेजारच्या सीटवर कधी कोंबड्या बसल्या, कधी खताची पोती, एकदा तर एक नवरदेव. आता तिथं पिंकी बसेल, डबा एकाच पिशवीत येईल, एवढा सगळा विचार माझा करून झाला होता. त्यात केशरी खुर्चीला जागा नव्हती.

"नाहीच म्हणायचंय तर ऐकता कशाला?" ज्योत्स्ना म्हणाली.

इथं माझी अडचण सांगायला हवी. एकतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत शेवटचं पान वाचल्याशिवाय मी एकाही फाइलवर शेरा मारलेला नाही. त्यामुळे माझ्या फाइली उशिरा निघत आणि बढत्या त्याहून उशिरा. पण लोक म्हणत, गंगाराम नाही म्हणाला म्हणजे वाचून नाही म्हणाला. माझ्याकडे एवढीच काय ती इस्टेट. पिंकीला ती पुरती माहीत होती, म्हणूनच तिनं अट घातली. मुलीला शिकवावं, पण बापाचा स्वभाव शिकवू नये.

तर नाही म्हणण्यासाठी मला चौऱ्याहत्तर मिनिटं ऐकणं भाग होतं, आणि वाजवायचं यंत्र नव्हतं.

यंत्र आमच्या इंदापूरच्या कचेरीत होतं. खात्याचं नाव सांगत नाही, कारण निवृत्तिवेतन अजून चालू आहे. दोन वर्षांपूर्वी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी सीडी वाजवायचं एक यंत्र वरून आलं होतं. यंत्र आलं, सीड्या आल्या नाहीत. म्हणून यंत्र खोक्यात, खोकं कपाटात, आणि कपाटाची किल्ली बदलून गेलेल्या भांडारपालाच्या डाळजच्या घरी. बुधवारी मी निरोप धाडला. गुरुवारी सकाळी किल्ली एसटीच्या कंडक्टरच्या तिकिटांच्या पेटीतून, माझ्याच गाडीनं, सुखरूप आली. खात्यात इतक्या वेगानं झालेलं हे एकमेव काम, आणि ते खात्यानं केलेलं नव्हतं.

मग अर्ज. 'उद्देश: ध्वनितबकडीची तपासणी. कालावधी: चौऱ्याहत्तर मिनिटे.'

साहेबांनी चष्मा वर केला. "चौऱ्याहत्तरच का? सत्तर का नाही?"

"कंपनीनं तेवढीच केलीय, साहेब."

"पंच्याहत्तर लिहा. तपासणीला बरं पडतं."

मी पंच्याहत्तर लिहिलं. साहेबांनी खाली पुस्ती जोडली: 'शासकीय वस्तू असल्याने वापर सर्वांच्या उपस्थितीत व्हावा.'

अशा रीतीनं गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत चौदा कर्मचारी, अर्ज घेऊन आलेले चार शेतकरी आणि सावलीला आलेलं एक कुत्रं यांच्या उपस्थितीत मी आयुष्यातलं पहिलं लाउंज संगीत ऐकायला बसलो. आधी समुद्राचा आवाज आला. मग लांब कुठंतरी कुणीतरी पितळी भांडं ठेवल्यासारखा. मग खालून एक ठोका सुरू झाला. ढुम्. ढुम्. ढुम्. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. ठोकाही वाट बघत असावा.

शेवटी एक शेतकरी म्हणाला, "साहेब, इंजान सुरू झालं, पर पानी कुठं हाय?"

"येईल," मी म्हणालो. मला तरी काय माहीत.

आता यंत्राबरोबर एक वापर-नोंदवही आली होती, आणि तिच्यात रकाना होता: 'वाजविलेल्या गीतांची संख्या'. आमच्या हेडक्लार्क लीलाबाई पेन घेऊन बसल्या होत्या. गाणं संपलं की एक काडी मारायची, असा त्यांचा बेत. त्या अतिशय सचोटीच्या. त्यांनी स्वतःच्या नवऱ्याची रजा बिनपगारी केली होती. बाराव्या मिनिटाला त्या एकदम उभ्या राहिल्या.

"थांबवा! पहिलं संपलं का?"

"काही कळलं नाही बुवा."

"संपलं नाही, तर हे सतारीसारखं काय वाजतंय? हे पहिल्यात नव्हतं."

"मग दुसरं सुरू झालं असेल."

"पहिलं संपल्याशिवाय?" असं म्हणून त्यांनी स्वतःच पुढं होऊन यंत्राचं बटण दाबलं.

वाद साहेबांपर्यंत गेला. त्यांनी नोंदवही पाहिली, वेष्टन पाहिलं, खुर्चीकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि निकाल दिला, "पहिलं पूर्ण न होता दुसरं सुरू झालं असेल, तर पहिलं प्रलंबित धरावं लागेल. आणि एक प्रलंबित असताना पुढचं हाती घेता येत नाही. वरिष्ठांचं मार्गदर्शन मागवा."

यंत्र सीलबंद झालं. पुण्याला पत्र गेलं: 'मिश्र ध्वनितबकडीतील एक गीत नेमके कोठे संपले असे समजावे, याबाबत मार्गदर्शन होणेस विनंती.' त्याला उत्तर आलं ते जूनमध्ये: 'स्थानिक पातळीवर निर्णय घ्यावा.'

शुक्रवारी संध्याकाळी मी युनूसभाईंच्या पायरीवर बसलो होतो. युनूसभाई मूळचे बावड्याचे. बारामतीत आमची भिंत एक. पुढच्या खोलीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान. टीव्ही, टेप, फवारणीचा पंप, मुबशिरावहिनींचा मिक्सर, सगळं ते एकाच पेचकसानं दुरुस्त करत. आळीतला एकमेव फोनही त्यांच्याकडेच, त्यामुळे आळीतलं कुठलंही सुखदुःख आधी त्यांना कळे आणि मग ज्याचं त्याला.

"आधी सांगायचं की, गंगारामभाऊ," ते म्हणाले. "डॉक्टरांची मशीन आलीय दुरुस्तीला. वाजतीया झकास, फक्त आकडे दिसत न्हाईत. आना ती थाळी."

थाळी लावली. समुद्र आला, भांडं आलं, ठोका आला. युनूसभाईंनी डोळे मिटले आणि नाडी बघावी तसं यंत्रावर बोट ठेवलं. चार मिनिटांनी डोळे उघडून म्हणाले, "माल खराब हाय."

"अहो, ते तसंच असतं म्हणे."

"भाऊ, वीस वर्सं हेच करतोय. एक तर ह्ये तेच तेच वाजतंय. सुई अडाकलीय."

"सीडीला सुई नसते, किरण असतो."

"मग किरण अडाकलाय. आन् दुसरं, गान्याला शेवट न्हाय. एकाच्या पोटात दुसरं घुसलंय."

"व्हय की," आतून मुबशिरावहिनी म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरात शिरताना मानूस दार तरी वाजवतंय."

मी त्यांना पिंकीची चिठ्ठी दाखवली, मधली जागा मुद्दाम ठेवलेली नाही हे वाक्य बोटानं दाखवलं. युनूसभाईंनी ते दोनदा वाचलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पोरीला दुकानदारानं सांगितलं आसंल तसं. खराब माल खपवायचा म्हंजी असंच बोलत्यात. तुमी काळजी करू नगा."

एवढं बोलून त्यांनी सीडी बाहेर काढली, तिच्यावर दंतमंजन टाकलं, ओलं फडकं घेतलं आणि ताट घासावं तशी ती गोल गोल घासायला सुरुवात केली.

मी त्यांना का अडवलं नाही, असं ज्योत्स्ना मला आजही विचारते. खरं सांगायचं तर जाणकार माणूस आत्मविश्वासानं चूक करत असला की मला संकोच वाटतो. आपण मध्ये बोललो तर त्याला वाईट वाटेल असं वाटतं. शिवाय सीडी खरोखर चमकायला लागली होती.

"बघा, तोंड दिसतंय," युनूसभाई म्हणाले.

तोंड दिसत होतं. ते बघत असतानाच कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून मोठा आवाज झाला आणि आळीतले सगळे दिवे गेले. ट्रान्सफॉर्मर जळाला होता. नवा सोमवारी येईल असं कळलं.

शनिवारी आमच्या घरी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकानं मला सल्ला दिला. एकानं सांगितलं, मुंबईची हवा पोटाला मानवत नाही. दुसऱ्यानं सांगितलं, पतसंस्थेची हवा तरी कुठं मानवते. ज्योत्स्ना दिवसभर त्या सगळ्यांना चहा देत होती. संध्याकाळी म्हणाली, "नाही म्हणून मोकळे व्हा. तिचाही जीव टांगणीला लागलाय."

"न ऐकता?"

"लग्नाआधी मला तरी कुठं ऐकलं होतं?"

तोडगा युनूसभाईंनीच काढला. डॉक्टरांची मशीन बारा व्होल्टवरही चालत होती, आणि माझ्या भावाकडे, पिंपळीला, ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टरला बॅटरी असते.

माझा भाऊ बुद्धघोष माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. मी छप्पन्न सालच्या आधीचा म्हणून गंगाराम, तो धर्मांतरानंतरचा म्हणून बुद्धघोष. एकाच आईची मुलं, पण रेशनकार्ड हातात घेणारा प्रत्येक जण एकदा मान वर करून आमच्याकडे बघतोच. तो शेती करतो, आणि माझ्या नोकरीवर त्याचा फारसा विश्वास नाही. रविवारी सकाळी साडेआठला युनूसभाईंनी मला स्कूटरवरून त्याच्या अंगणात उतरवलं. माझ्या मांडीवर डॉक्टरांची मशीन, खिशात सीडी. त्यांनी तारा जोडल्या, समुद्राचा आवाज आल्याची खात्री केली आणि फोनसाठी घरी कुणीतरी हवं म्हणून परत गेले.

मी सीडी पुन्हा पहिल्यापासून लावली आणि घड्याळ पाहिलं. पावणेनऊ. नऊ वाजून एकोणसाठ मिनिटांनी सुटका.

अंगणात तीनच माणसं. मी खाटेवर, बुद्धघोष ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून, आणि आमची भागूआत्या, वय वर्षं ऐंशी, पुढ्यात भुईमुगाच्या शेंगा घेऊन. समुद्र गेला, भांडं गेलं, ठोका आला. बाराव्या मिनिटाला लीलाबाईंची हद्द सुखरूप ओलांडली तेव्हा मला परदेशात पाऊल ठेवल्यासारखं वाटलं. सतार आली आणि विरघळली. मग साधारण अठराव्या मिनिटाला एका बाईचा आवाज आला. खूप लांबून, जणू विहिरीपलीकडून. ती काहीतरी म्हणायला लागली. पहिला शब्द सुरू झाला, 'ला', आणि मग टक्, टक्, टुम्. पुन्हा 'ला'. टक्, टक्, टुम्. 'ला'.

पाच मिनिटं मी वैतागलो. दहा मिनिटांनी वैताग कुठंतरी गेला.

"दादा," बुद्धघोष म्हणाला, "ह्या बाईला काय म्हनायचंय ते ती म्हनत का न्हाय?"

"म्हणेल."

"कवा?"

"तेच तर आहे," मी म्हणालो, आणि हे वाक्य माझ्या तोंडून आलं याचं मलाच आश्चर्य वाटलं.

कारण खरोखर तेच होतं. ती बाई पुढचा शब्द उच्चारेल असं दर वेळी वाटायचं, आणि दर वेळी ती थांबायची. आमच्याकडचे गायक पहिल्याच ओळीत सगळं सांगून मोकळे होतात आणि मग अर्धा तास तेच पुन्हा सांगतात. ही बाई काही सांगतच नव्हती. केवढा संयम! विहारात वंदनेला बसल्यावर चार मिनिटांत माझा गुडघा बोलायला लागतो. इथं अर्धा तास झाला, गुडघा गप्प. चाळिसाव्या मिनिटाच्या सुमारास तर डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यानं असेल म्हणून पुसलं, पण वारा नव्हता.

मी पिंकीचा विचार करत होतो. जोड कळता कामा नये, असं तिनं लिहिलं होतं. मी कान देऊन बसलो होतो, फाइलीतली चूक शोधावी तसा जोड शोधत होतो. इतकी गाणी एकमेकांत अशी मिसळून गेली होती, की अठराव्या मिनिटानंतर मला एकही जोड सापडला नाही. ज्या पोरीला हे काम जमतं, तिला मी पतसंस्थेत पासबुकं भरायला बसवणार होतो.

"गंग्या," भागूआत्या म्हणाली, "पोरगी असली गानी लावनार व्हय मुंबैत?"

"हो, आत्या."

"लावू दे की. कुनाला तरास न्हाय. शेंगा बी लौकर झाल्या."

नऊ एकोणसाठला मी उठलो आणि यंत्र बंद केलं. बाई तोवर 'ला' म्हणतच होती. चौऱ्याहत्तर मिनिटं भरली म्हणजे भरली. आमची कचेरीही वेळ झाली म्हणून सुटते, काम संपलं म्हणून नाही.

बुद्धघोषनं मला मोटारसायकलवरून बारामतीला आणलं. वाटेत मी त्याच्याशी काही बोललो नाही. आतून भरून आलेला माणूस मागच्या सीटवर बसून ओरडून काय बोलणार?

अकराला युनूसभाईंच्या पुढच्या खोलीत वीसेक माणसं होती. आळीत दिवे नसल्यामुळे टीव्ही बंद, आणि टीव्ही बंद असल्यामुळे सगळे आमच्याकडे. मुबशिरावहिनींनी चहा टाकला होता. ज्योत्स्ना एका उघड्या पडलेल्या टीव्हीशेजारी स्टुलावर बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. फोन वाजला. युनूसभाईंनी तो उचलून, पुसून माझ्या हातात दिला.

"बाबा?"

"ऐकलं," मी म्हणालो. "सलग. चौऱ्याहत्तर मिनिटं."

पलीकडून मग अगदी हळू, "मग?"

मी खोलीकडे पाहिलं. अशी संधी सरकारी माणसाला आयुष्यात एखाददाच मिळते. "पिंकी," मी मोठ्यानं म्हणालो, "मी नाही म्हणायचं ठरवून ऐकायला बसलो होतो. पण ज्या कामात माणूस इतका वेळ स्वतःला विसरतो, त्या कामाला मी नाही म्हणणार नाही. तू जा."

खोलीत कुणीतरी टाळी वाजवली. युनूसभाई शेजाऱ्याला सांगत होते, "मीच घासून दिली, तवा कुठं भाऊंस्नी कळली." ज्योत्स्नानं पदर सोडला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतर तिनं एकदाच पाहिलं होतं, मी पहिल्यांदा वेळेवर घरी आलो तेव्हा.

"बाबा, खरंच?" पिंकी हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. "सगळ्यात काय आवडलं?"

"ती बाई. 'ला' म्हणते आणि पुढचा शब्द म्हणतच नाही. पन्नास-पंचावन्न मिनिटं. काय धीर आहे पोरी तिचा!"



"बाबा, किती मिनिटं?"

"पंचावन्न. छप्पन्न धर."

"बाबा, त्यातलं सगळ्यात मोठं गाणं सात मिनिटांचं आहे. आणि ती बाई पूर्ण गाते. तीन कडवी आहेत. सीडी अडकली होती, बाबा. ओरखडा असणार तिच्यावर."

माझ्यासमोर युनूसभाई उभे होते. सीडी हातात घेऊन ती कशी घासली हे ते लोकांना हातानं करून दाखवत होते. गोल. गोल.

"बाबा?" पिंकीचा आवाज लहान झाला. "म्हणजे तुम्ही अजून ऐकलेलं नाहीये. अट माझीच होती. तुम्ही आता नाही म्हणालात तरी चालेल. मी येईन इंदापूरला."

नियमानं पाहता माझा होकार रद्द होता. कागद वाचलाच नव्हता, एकाच पानाची एक ओळ छप्पन्न मिनिटं वाचली होती. एक शब्द उच्चारायचा होता, नाही, आणि पतसंस्था होती, एसटी होती, शेजारची सीट होती. फक्त त्या शब्दामागून खुलासा करावा लागला असता. वीस माणसांसमोर सांगावं लागलं असतं, की परवा घासलेल्या एका ओरखड्यावर हा गृहस्थ सकाळी अंगणात बसून रडला. आणि युनूसभाईंचा हात असा गोल फिरता फिरता थांबला असता.

पोटच्या मुलीच्या भविष्यावर मी मोठ्या मनानं निर्णय घेतला, असं आळीत आजही सांगतात. माझं मन किती मोठं होतं ते वर लिहिलंच आहे.

"एकदा जा म्हटलं ना," मी म्हणालो.

तिला कळलं होतं. मग म्हणाली, "शेवटचं गाणं तुम्हाला ऐकवायचं होतं. त्यात ठोका नाही. नुसती बासरी."

"तू आलीस की ऐकू."

"आज दुपारच्याच गाडीनं निघायचंय, बाबा. हो म्हटलं तर उद्या हजर व्हा म्हणालेत. यायला आता उन्हाळाच उजाडेल." मागून कुणीतरी तिला हाक मारली. होस्टेलच्या फोनपाशी मुलींची रांग असते. "ठेवते, बाबा. आईला सांगा." आणि फोन बंद झाला.

मी रिसीव्हर कानाला तसाच धरून उभा राहिलो. खाली ठेवला असता तर सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले असते, आणि तोंड अजून तयार नव्हतं. म्हणून म्हणालो, "हो." थोडं थांबून म्हणालो, "हो, हो, जेवलो." सकाळचे अकरा वाजून गेले होते आणि घरात चूल पेटलेली नव्हती, पण कुणाच्या लक्षात आलं नाही.

ज्योत्स्ना उठली. "द्या की इकडे. सगळं तुम्हीच बोलणार का? मलाही बोलायचंय तिच्याशी."

मी रिसीव्हर आणखी घट्ट धरला. तिनं तो माझ्या बोटांतून सोडवून घेतला आणि कानाला लावला. ऐकलं. माझ्याकडे पाहिलं. खोलीतली वीस माणसं चहाचे कप हातात धरून तिच्याकडे बघत होती.

तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला आणि पाठ भिंतीकडे केली.

"हां, पिंके," ती म्हणाली. "ऐकतेय मी. तिथं पाणी उकळूनच पीत जा बरं का."

आणि त्यानंतर ती चांगली पाच मिनिटं बोलली.